कान्ट काय म्हणतो ते राहू दे, आजोबांच्या वहीत काय लिहिलंय?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय. वय पंचवीस, सध्या यूपीएससीचा अभ्यास चालू आहे. पत्र लांबलचक आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकून थोडक्यात सांगतो. आजोबांचं एक भाट आहे, म्हणजे बागायतीची जमीन, ते आता बाबा आणि काकांच्या नावावर. भाटाच्या कोपऱ्यात एक जुनं घर आहे आणि त्यात एक म्हातारी राहते. ही तिला मावशी म्हणते, आई शाळेत शिकवायला गेली की लहानपणी हिचा दिवस मावशीच्या ओट्यावरच जायचा. मावशीच्या नवऱ्याला आजोबांनी भाट राखायला आणून बसवलं होतं. भाडं कधी घेतलं नाही आणि कागदही कधी केला नाही. आता दिल्लीचा एक खरेदीदार आलाय, त्याला व्हिला बांधायचेत आणि जागा मोकळी पाहिजे. भावाच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे म्हणून घरचे तयार झालेत. मावशीला थोडे पैसे देऊन दुसरीकडे खोली बघून द्यायची असं ठरलंय. मुंडकार (भाटाच्या मालकाच्या परवानगीने त्याच्या जागेतल्या घरात राहणारा) म्हणून तिची नोंद नाही म्हणजे तिला हक्कच नाही, असं काका सांगतात. आणि मग हिला माळ्यावर आजोबांची वही सापडली, त्यात १९६९ साली आजोबांच्याच अक्षरात लिहिलंय की घराला जागा दिली आणि ती त्यांनी स्वतःचीच समजायची. बाबांना वही दाखवली तर म्हणाले, ठेव परत, तुला कोणी विचारलंय?

तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत: "सर, एथिक्सच्या पेपरसाठी मी सगळ्या थिअरी वाचल्यात. बेन्थॅम लावला तर विकणं बरोबर वाटतं, कान्ट लावला तर चूक, काका गीता सांगतात, ॲरिस्टॉटल म्हणतो मधलं काहीतरी करा. मला खोटं बोलायचं नाहीये, फक्त गप्प राहायचंय. यातली बरोबर थिअरी कुठली ते एकदा सांगा, म्हणजे त्याप्रमाणे ठरवीन."

बाय,

तुझं पत्र वाचून पहिलं जे मनात आलं ते सांगतो, राग मानू नकोस. तू चार जणांची मतं लिहिलीस, पण तुला स्वतःला काय वाटतं ते पूर्ण पत्रात एकदाही लिहिलं नाहीस. वही सापडल्यावर ती घेऊन तू सरळ बाबांकडे गेलीस, म्हणजे तेव्हा तुला काहीतरी वाटलंच होतं की. थिअरी नंतर आल्या, बाबा 'ठेव परत' म्हणाल्यावर. म्हणून मला शंका येतेय की तू बरोबर थिअरी शोधत नाहीयेस, वही परत माळ्यावर ठेवायची परवानगी देणारी कुणीतरी शोधतेयस. तसं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आपण सगळे हेच करतो, फक्त आपल्याकडे एवढी मोठी मोठी नावं नसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे क्लासच्या नोट्समध्ये या थिअरी एकाखाली एक टेबलात येतात, फायदे तोटे वगैरे, त्यामुळे असं वाटतं की ही मंडळी एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देतायत आणि आपण एकावर टिक करायची. तसं नाहीये. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता, काळ वेगळा होता, आणि तो प्रश्न कुठून आला ते बघितलं तर तुझा अर्धा गोंधळ जाईल.

बेन्थॅमचंच घे. १७८९ साली त्याचं नीती आणि कायद्याच्या तत्त्वांवरचं पुस्तक बाहेर आलं. हा माणूस कायद्याचं शिक्षण घेतलेला, तेव्हाच्या इंग्लंडमधले कायदे आणि शिक्षा बघून वैतागलेला. एवढ्या तेवढ्या चोरीला फाशी, आणि का तर पूर्वीपासून चालत आलंय म्हणून. त्याला एक असं माप हवं होतं की कायदा करणाऱ्याला विचारता यावं, बाबा रे, तुझ्या या कायद्याने लोकांचं सुख वाढतं की दुःख? पुष्कळांचं पुष्कळ सुख हे तिथून आलं. म्हणजे तो मुख्यतः सरकारशी बोलत होता, भाट विकणाऱ्या घरातल्या मुलीशी नाही. पण ठीक आहे, त्याचं माप घरात लावायचं तर लाव, फक्त नीट लाव. तुझ्या हिशेबात बाबा, आई, भाऊ, काका, काकी सगळे आले, सगळ्यांच्या पुढे प्लस लिहिलंस, आणि मावशीच्या पुढे एक मायनस आणि तोही 'पैसे मिळणारच आहेत' म्हणून अर्धा पुसलेला. बेन्थॅमच्या नावावरचं एक वचन त्याच्या मागून आलेल्या जॉन स्टुअर्ट मिलने सांगितलंय, प्रत्येकाला एकच मोजा, कोणालाही एकापेक्षा जास्त नाही. त्यात घरची माणसं वेगळ्या रंगाने लिहायची सोय नाही. आणि तो नुसती डोकी मोजत नव्हता. सुखदुःखाची तीव्रता किती, टिकतं किती काळ, खात्री किती, लवकर येणार की उशिरा, त्यातून पुढे आणखी सुख निघतं का, दुःख मिसळलेलं आहे का, किती जणांपर्यंत पोचतं, अशी सात मापं त्याने दिलीत. कर्जाचा हप्ता हलका होण्याचं सुख आणि पन्नासेक वर्षं राहिलेल्या घरातून म्हातारपणी उठवलं जाण्याचं दुःख, जरा तीव्रतेच्या कॉलममध्ये टाकून बघ. मला तर बेन्थॅम तुझ्या काकांच्या बाजूला उभा राहिलेला दिसत नाही.

मिलचं थोडक्यात. त्याला बेन्थॅमच्या मापात एक खोट दिसली, सगळी सुखं एका दर्जाची कशी? असमाधानी माणूस होणं हे समाधानी डुक्कर होण्यापेक्षा बरं, हे त्याचंच. आणि गंमत म्हणजे हा माणूस १८२३ पासून १८५८ पर्यंत लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते लिहायचा, स्वातंत्र्यावर पुस्तकही लिहिलं, आणि इकडे एकदाही आला नाही. लांब बसून दुसऱ्यांच्या भल्याचा हिशेब करणं किती सोपं असतं ते यावरून कळतं. मावशीसाठी 'दुसरीकडे खोली' ठरवताना तिला कोणी विचारलं का? तुझ्या पत्रात तरी तसं काही नाहीये.

आता कान्ट. कोनिग्सबर्गचा प्रोफेसर, ते गाव आज रशियात आहे. आयुष्यभर त्या मुलखाबाहेर फारसा गेलाच नाही. त्याचा प्रश्न असा होता की सुख तर माणसागणिक बदलतं, मग सगळ्यांना सारखाच लागू होईल असा नियम कुठून आणायचा? १७८५ साली त्याने उत्तर दिलं, आपल्याच बुद्धीतून. जे करतोयस ते सगळ्यांनी केलं तर चालेल का ते बघ, आणि माणसाला नुसतं साधन म्हणून कधी वापरू नकोस. पहिल्यासाठी त्याने दिलेलं एक उदाहरण खोट्या वचनाचं आहे, पैसे परत करायचे नाहीत हे माहीत असून 'करतो' म्हणणारा माणूस. सगळे असं करायला लागले तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, मग खोटं वचनही चालणार नाही. तुझ्या केसमध्ये वचन आजोबांचं आहे, मोडतायत मुलं. 'कागद नाही म्हणजे शब्द नाही' हा नियम सगळ्या भाटकारांनी, म्हणजे भाटाच्या मालकांनी, केला असता तर आजोबांना भाट राखायला माणूस मिळाला असता का? आणि फसवणूक मावशीचीच नाही हां, त्या दिल्लीवाल्याचीही. त्याला 'कोणाचा हक्क नाही' म्हणून जागा विकायची आणि वही आपल्या माळ्यावर. उद्या त्याला कळलं की काय होईल ते काकांना विचार, तत्त्वज्ञान राहू दे बाजूला.

काकांची गीता आता. कर्मण्येवाधिकारस्ते म्हणून विकून टाका, फळाची चिंता नको. हे मी लग्नाच्या पंगतीत पण ऐकलंय, ऑफिसात पण ऐकलंय, आणि दर वेळी बोलणाऱ्याच्या फायद्याचंच कर्म असतं, काय योगायोग! फळाची आशा सोड म्हणजे स्वतःच्या फायद्याची आशा सोड, दुसऱ्याचं वाटोळं झालं तर तिकडे बघू नको असं नाही. त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रह आहे, म्हणजे लोकांचं सगळ्यांचं नीट चालावं हे बघून कर्म कर. आणि खरं सांगायचं तर महाभारत तरी काय आहे, जमिनीची विभागणीच ती, सुईच्या टोकावर मावेल एवढीही देणार नाही म्हणणाऱ्या दुर्योधनापासून सुरू झालेली. गीता सांगायचीच तर त्या बाजूने सांगू नये.

महाभारतातलीच एक गोष्ट मात्र तुझ्यासाठी घेतो, कर्णपर्वातली, कृष्णच अर्जुनाला सांगतो. कौशिक नावाचा तपस्वी, कायम खरं बोलायचं असं व्रत. दरोडेखोरांना भिऊन पळालेली माणसं जवळच्या रानात लपली, दरोडेखोरांनी येऊन विचारलं कुठे गेली, याने खरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. आता बघ, १७९७ साली कान्टने एक निबंध लिहिला त्यात जवळजवळ हीच परिस्थिती आहे, खुनी दारात येऊन विचारतो तुझा मित्र घरात आहे का, आणि कान्ट म्हणतो तरीही खोटं बोलायचं नाही. दोन हजार वर्षांचं अंतर आणि बरोबर उलटं उत्तर. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात ही सगळी चर्चा पाश्चात्य पंडितांना शेजारी बसवून केलीय, मराठीत आहे, तुझ्या पेपरलाही उपयोगी पडेल. माझं मत विचारशील तर मी कृष्णाच्या बाजूचा. कान्टचे चाहते चिडतील, चिडू देत.

पण ही गोष्ट सांगायचं कारण वेगळंच आहे. 'कधी कधी सत्य लपवावं लागतं' हे घरात कोणीतरी तुला सांगणारच, कदाचित सांगूनही झालं असेल. तेव्हा हे बघायचं की सत्य लपवल्याने वाचतंय कोण. कौशिकाने लपवलं असतं तर रानातली माणसं वाचली असती. तू वही लपवलीस तर मावशी वाचत नाही, उलट तीच उघड्यावर येते. ज्या एका कारणासाठी कृष्ण खोट्याला परवानगी देतो, ते कारण तुझ्या घरात उलट्या बाजूला उभं आहे. म्हणजे कान्ट आणि कृष्ण, जे एरवी एकमेकांशी भांडतील, ते इथे एकच सांगतायत. बेन्थॅमही फार लांब नाही. तू समजतेस तशी ही टाय झालेली मॅच नाहीये.

'मी फक्त गप्प राहणार' हे तुझं वाक्य. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, १८७६ साली जन्मलेले, बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिलोनपर्यंत गेले आणि मग ते सगळं मराठीत आणलं. त्या बुद्धाचं एक वचन अंगुत्तरनिकाय या पाली ग्रंथात आहे, चेतनेलाच मी कर्म म्हणतो. म्हणजे हात हलला का, तोंड उघडलं का, हे नंतर, आधी मनात काय ठरवलं होतं ते बघा. विसरून गप्प राहणं आणि कळू नये म्हणून गप्प राहणं ही दोन वेगळी कर्मं. तुझ्या गप्प राहण्याला हेतू आहे आणि तो तुला माहीत आहे, नाहीतर पत्र कशाला लिहिलं असतंस.

ॲरिस्टॉटलबद्दल तुझी सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे आणि ती क्लासवाल्यांनी केलेली असणार. मध्य म्हणजे अर्धं अर्धं नव्हे. मावशीला पैसे दुप्पट करा आणि वही गप्प ठेवा, हा ॲरिस्टॉटलचा मध्य नाही. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की चोरी, खून, व्यभिचार अशा गोष्टींना मध्य नसतोच, योग्य वेळी योग्य माणसाच्या घरी केलेली योग्य तेवढी चोरी असं काही नसतं. त्याचा खरा प्रश्न हा की असं वागत वागत मी कोण होत चाललोय? चांगुलपणा त्याच्या मते सवयीने अंगी येतो, वाद्य वाजवून वाजवून येतं तसा. तू अधिकारी व्हायचा अभ्यास करतेयस. उद्या तुझ्यासमोर एखादी अशीच म्हातारी येईल, हातात कागद नाही, आणि समोरच्या पार्टीच्या घरात एक वही आहे असा तुला संशय. तेव्हा काय करशील ते जी.एस. फोरच्या, म्हणजे त्या एथिक्सच्या पेपरच्या, अडीचशे मार्कांत तू छान लिहिशील याची मला खात्री आहे.

आता खरी अडचण, जी तू पत्राच्या अगदी शेवटी दोन ओळींत लिहिलीस. बाबा. मावशीचा हक्क पाहायचा म्हणजे बाबांच्या विरुद्ध जायचं, आणि बाबा वाईट माणूस नाहीत, कर्जाने रात्रभर जागतात. हा प्रश्न फार जुना आहे. अथेन्समध्ये युथिफ्रो नावाचा एक जण स्वतःच्या बापावर खटला भरायला कोर्टात आलेला, बापाच्या हातून एक मजूर मेला होता म्हणून, त्याला बांधून खड्ड्यात टाकून ठेवला होता. तिथे त्याला सॉक्रेटिस भेटतो. सॉक्रेटिसला धक्का बसतो तो खटल्याचा तर आहेच, पण त्याहून जास्त या माणसाच्या खात्रीचा, की तुला एवढं पक्कं कळतं पवित्र काय नि अपवित्र काय? दुसरीकडे चीनमध्ये कन्फ्यूशियसला एक सरदार अभिमानाने सांगतो, आमच्याकडे एक सरळ माणूस आहे, बापाने मेंढी चोरली तर याने साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे बाप मुलाचं झाकतो, मुलगा बापाचं झाकतो, सरळपणा त्यातच आहे. हे वाचून तुला हायसं वाटेल, म्हणून लगेच पुढचं सांगतो, कन्फ्यूशियसच्या वचनांच्या त्याच पुस्तकात आणखी एके ठिकाणी आहे की आईबाप चुकत असतील तर मुलाने हळुवारपणे त्यांना सांगावं, ऐकलं नाही तरी आदर सोडू नये. आणि मेंढी चोरून झाली होती, तुमची जागा अजून विकलेली नाही. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झालेल्या चुकीची साक्ष द्यायची की नाही हा तुझ्यापुढचा प्रश्नच नाहीये, बाबांना चूक करण्याआधी थांबवता येतं का एवढाच आहे.

१९३० साली रॉस नावाच्या इंग्लंडमधल्या एका प्राध्यापकाने एक फार शहाणी गोष्ट लिहिली, क्लासमध्ये ती दोन ओळींत उरकतात. आपली कर्तव्यं एक नसतात, अनेक असतात, दिलेला शब्द, उपकाराची फेड, कोणाला इजा न करणं, घरच्यांचं भलं. ती एकमेकांवर आदळतात आणि कुठलं वरचढ ते त्या त्या प्रसंगात बघूनच ठरवावं लागतं, पण जे मागे पडतं ते नाहीसं होत नाही, त्याचं देणं राहतं. म्हणजे मावशीच्या बाजूने गेलीस तर बाबांचं कर्ज हा तुझा प्रश्न नाही असं म्हणता येणार नाही. उलट आता तो जास्त तुझा. बँकेकडे हप्त्यांची मुदत वाढवून मिळते का, भाऊ स्वतः किती उचलणार, तू अभ्यास करता करता काही कमवू शकतेस का, हे तू मांडायचं, त्याशिवाय वही टेबलावर ठेवायची नाही. कॅरोल गिलिगनने १९८२ मध्ये हेच वेगळ्या बाजूने लिहिलं, की नीती म्हणजे नुसता नियमांचा निवाडा नव्हे, नाती तुटू न देता वाट काढणं ही पण नीतीच, आणि बायका असा विचार करतात तेव्हा त्यांना कच्चं समजू नये.

मग करायचं काय. पहिल्यांदा वहीच्या त्या पानांचे फोटो काढ आणि वही नीट कपाटात ठेव, माळ्यावर नको, पावसात माळ्यावर काय होतं ते तुला सांगायला नको. नंतर आईशी बोल. बाबांच्या आधी आईशी, कारण आपल्या गोव्यातल्या कायद्याप्रमाणे जागा विकायची तर बाबांच्या बरोबर आईची सही लागते, तिकडे काकीची पण, हे घरातल्या पुरुषमंडळींना शेवटच्या दिवशी आठवतं. आई नुसती 'थांबा, आधी हे बघूया' एवढं म्हणाली तरी पुष्कळ आहे. बाबांशी बोलताना काका समोर नकोत, आणि थिअरी तर अजिबात नकोत, बापाला कान्ट सांगितलेला कुठल्याच बापाला आवडत नाही. वही उघडून आजोबांची ओळ त्यांनाच मोठ्याने वाचायला दे.

तुमच्यासारख्या केसेस गोव्यात घरोघरी आहेत म्हणून कायद्याचं थोडं सगळ्यांसाठीच सांगतो. मुंडकारांना घरातून काढू नये म्हणून १९७५ चा कायदा आहे, आणि नोंद नाही म्हणजे हक्क संपला असं त्यात नाही, मुंडकार आहोत हे ठरवून घ्यायला मामलेदाराकडे अर्ज करता येतो, पुढे घर आणि भोवतालची थोडी जागा विकत घेण्याचा हक्कही मागता येतो. भाटकाराच्या परवानगीने, भाडं न देता किती वर्षं राहतात ते तिथे बघितलं जातं, म्हणून घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड, सर्व्हे प्लॅनवर दिसणारं घर, सगळं कामाला येतं. वही पण. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, वकिलाला विचारा, आणि काकांचा वकील सोडून दुसऱ्याला. मावशीकडे वकिलाचे पैसे नसतील तर बायकांना सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात चौकशी केली की कळतं. हे तिला तू सांगायचं की नाही? माझ्या मते हो, पण बाबांना अगोदर सांगून, की मी तिला हे सांगणार आहे. पाठीमागून नको.

आणि व्यवहाराचं बघितलं तर सगळं किंवा काहीच नाही असं कुठे आहे? घर आणि त्याची जागा मावशीच्या नावावर करून उरलेलं भाट विकता येतं. भाव कमी येईल, तो दिल्लीवाला कदाचित जाईल आणि दुसरा येईल, कारण गोव्यात जागेला गिऱ्हाईक नाही असं अजून तरी झालेलं नाही. हा ऑप्शन बाबांसमोर आकडे लिहून ठेव, किती येईल, कर्जाचं किती फिटेल, किती उरेल. बेन्थॅम इथे खरा कामाला येईल बघ.

शेवटी, पेपरसाठी काय आधी वाचू असं विचारलं होतंस. प्लेटोने लिहिलेल्या 'युथिफ्रो' या संवादापासून सुरू कर, छोटं आहे, एका बैठकीत होतं. मग गीतारहस्याची पहिली चार प्रकरणं, मग ॲरिस्टॉटलच्या 'निकोमेकियन एथिक्स'चे पहिले दोन भाग. कान्ट सगळ्यात शेवटी आणि पहाटे, माशाची कढी जेवून दुपारी घेऊन बसलीस तर दुसऱ्या पानावर झोपशील.